खडखड की करकर?

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शिलाई मशीन असेल. कोणाची अम्मी घरचे कपडे शिवत असेल. कोणाची खाला गल्लीतील लोकांचे कपडे शिवून घरखर्च चालवत असेल. मशीन नीट चालते तोपर्यंत त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण एके दिवशी ते वेगळाच आवाज करू लागते आणि घरात चिंता पसरते. आमच्या घरी एकदा असेच झाले होते.

ही गोष्ट २००३ सालच्या डिसेंबर महिन्यातील आहे. मी तेव्हा आठवीत शिकत होतो. आम्ही मालेगावात राहत होतो. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. मागांची खटखट कानांत एवढी बसलेली असते की ती आम्हाला ऐकूच येत नाही. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा मात्र गल्लीत शांतता असते आणि लहानसहान आवाजही ऐकू येतात. अशाच एका शुक्रवारी अम्मी मशीनवर बसली होती. पायडल हलले की मशीनमधून 'कुईकुई, कुईकुई' असा बारीक आवाज येत होता.

"तेल संपलं असेल याचं," अम्मी म्हणाली.

मशीनच्या तेलाची कुपी रिकामी होती. बाजारात कोण जाणार? मी स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि मशीनला जेवढी भोके दिसली तेवढ्यांत ते ओतले. कुईकुई लगेच थांबली. अम्मीने मला शाबासकी दिली. पुढे दर आठवड्याला मी हेच काम मोठ्या उत्साहाने करू लागलो.

जानेवारी महिना लागला. बकरी ईद फेब्रुवारीच्या सुरुवातीला होती. अम्मीकडे बारा जोड कपडे शिवायला आले होते. त्या पैशांतून माझ्या बहिणीची शाळेची फी भरायची होती. थंडी वाढली होती. एका सकाळी अम्मीने पायडलवर पाय ठेवला, तर मशीन हलेना. तिने जोर लावला. मशीन 'करकर' असा आवाज करीत कसेबसे फिरले. दुपारी ते थोडे हलके झाले, पण आता 'टक, टक, टक' असा नवाच आवाज येऊ लागला. संध्याकाळी सुई तुटली. नवी सुई बसवली, तीही दहा मिनिटांत तुटली. बारापैकी चारच जोड शिवून झाले होते.

दुसऱ्या दिवशी मशीनचा वरचा भाग स्टँडवरून काढला, गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधला आणि मी बाजारातल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते मराठी बोलत. माझे मराठी त्या वेळी फक्त पुस्तकातले होते.

"काय झालं रे बाळा?" त्यांनी विचारले.

"काका, मशीन आवाज करते."

"आवाज तर करणारच. मशीन काय मुकं असतं का? कसला आवाज करतं ते सांग. खडखड, करकर, कुईकुई, का टकटक?"

मला उत्तर देता येईना. हे सगळे शब्द मला सारखेच वाटत होते. शेवटी मी तोंडाने आवाज काढून दाखवले. दुकानातले लोक हसले. मिस्त्रीकाका मात्र हसले नाहीत. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आधी कुईकुई, मग करकर, आणि शेवटी टकटक. तेल कोणतं घातलंस?"

मी खोबरेल म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवता ना घरी? का ठेवता? तेल गोठतं म्हणून. मग मशीन पण रोज उन्हात ठेवणार का?"

त्या एका प्रश्नाने सगळे उलगडले. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. मालेगावची जानेवारीतली सकाळ त्याहून कितीतरी थंड असते. मशीनच्या सांध्यांत घातलेले तेल रात्री घट्ट होत होते. दुपारी ऊन वाढले की ते पातळ होत होते, म्हणून मशीन हलके वाटत होते. शिवाय खाण्याच्या कोणत्याही तेलाला कापडाचा भुसा आणि धूळ चिकटते आणि काही दिवसांनी त्याचा चिकट थर तयार होतो. गोडेतेल, मोहरीचे तेल, सगळ्यांचे हेच. मशीनसाठी वेगळे पातळ, खनिज तेल मिळते. ते गोठत नाही आणि चिकटही होत नाही.

पण टकटक कशाची होती? ते समजण्यासाठी मशीन टाका कसा घालते हे पाहिले पाहिजे.

हाताने शिवताना एकच दोरा असतो. (घरी आपण 'धागा' म्हणतो. मराठीत 'धागा' आणि 'दोरा' दोन्ही चालतात.) मशीनमध्ये दोन दोरे असतात. एक वरच्या रिळातून सुईत येतो. दुसरा खाली बॉबिनवर गुंडाळलेला असतो. हाताच्या सुईचे छिद्र मागच्या टोकाला असते, तर मशीनच्या सुईचे छिद्र टोचणाऱ्या टोकाजवळ असते. ही सुई दोरा घेऊन कापडाच्या खाली जाते. सर्वांत खाली जाऊन ती किंचित वर येऊ लागली की दोऱ्याचा एक लहानसा फास तयार होतो. त्याच क्षणी शटलचे टोकदार नाक त्या फासात शिरते आणि फास बॉबिनच्या डबीवरून पलीकडे नेते. अशा रीतीने वरचा दोरा खालच्या दोऱ्याभोवती अडकतो आणि टाका पक्का होतो.

'शटल' हा शब्द मालेगाव, भिवंडीच्या मुलांना नवा नाही. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारा जो धोटा असतो, त्यालाच शटल म्हणतात. अमेरिकेतील एलायस हाऊ यांनी १८४६ साली टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि शटल असलेल्या मशीनचे पेटंट घेतले. त्यांच्या मशीनमधील शटलही मागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडे जात असे. पुढे १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी सरळ उभी सुई असलेल्या मशीनचे पेटंट घेतले. आपल्या घरातील काळ्या रंगाचे, पायडलचे मशीन त्याच घराण्यातले आहे. त्याचे शटल अर्धवट गोल फिरून परत येते, एवढाच फरक.

आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की सुई आणि शटलचे नाक एकमेकांजवळून जातात तेव्हा त्यांच्यात जेमतेम कागदाच्या जाडीएवढे अंतर असते. सुई थोडीशी वाकली तरी शटल तिला धडकते. दर टाक्याला एक धडक, म्हणून 'टक, टक, टक'. अम्मीने घट्ट झालेले मशीन जोर लावून चालवले, त्यात सुई वाकली. पहिली सुई तुटली तेव्हा तिचा तुकडा आम्ही शोधला नाही. तो शटलच्या खाचेत पडला होता, म्हणून दुसरीही सुई तुटली. मिस्त्रीकाकांनी चिमट्याने तो तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून लहान होता. सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे जुळवून पाहावेत, हे मी त्या दिवशी शिकलो.

मशीन साफ करीत असताना मिस्त्रीकाका बोलत होते. ते सांगत होते की आवाजाचा प्रकार जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा ताल महत्त्वाचा. आवाज किती वेळाने येतो हे मोजायचे. वरचे लहान चाक एकदा फिरले की एक टाका पडतो. पायडल एकदा खालीवर झाले की खालचे मोठे चाक एकदा फिरते आणि तेवढ्यात वरचे चाक तीन-चार वेळा फिरते. म्हणजे आवाज दर टाक्याला येत असेल तर दोष सुई, शटल किंवा दाते यांच्याजवळ शोधावा. तीन-चार टाक्यांमागे एकदा येत असेल तर दोष पायडलमध्ये, मोठ्या चाकात किंवा त्या दोघांना जोडणाऱ्या दांड्यात असतो. आणि त्याहूनही उशिरा, आठ-नऊ टाक्यांनी एकदा 'टिक' असा आवाज आला तर तो बहुधा पट्ट्याच्या जोडाचा असतो. चामड्याच्या पट्ट्याची दोन टोके तारेने जोडलेली असतात. ती तार चाकावरून जाताना वाजते. मला गणित फारसे आवडत नसे, पण हे गणित मात्र आवडले.

दुसरी एक युक्ती त्यांनी दाखवली. वरच्या चाकाच्या मध्यभागी एक गोल पेच असतो. बॉबिन भरताना आपण तो सैल करतो, त्यामुळे चाक फिरते पण सुई हलत नाही. आवाज कुठून येतो हे कळत नसेल तर हा पेच सैल करून पायडल चालवावे. आवाज तसाच राहिला तर दोष चाक, पट्टा किंवा स्टँडमध्ये आहे. आवाज थांबला तर दोष मशीनच्या वरच्या भागात आहे. एवढे केले तरी अर्धे मशीन तपासण्याची मेहनत वाचते.

दोष वरच्या भागात आहे असे कळले, तर सुरुवात नेहमी सोप्या गोष्टींपासून करावी. पेच पुन्हा घट्ट करावा. दोरा आणि बॉबिनची डबी काढावी. कापड दाबून धरणारा लोखंडी पाय, ज्याला शिंपी 'फूट' म्हणतात, तो वर उचलावा. हे विसरू नका. कापड नसताना फूट खाली ठेवून मशीन चालवले तर खालचे दाते फुटावर घासतात आणि घासण्याचा आवाज येतो. मग आपण नसलेला बिघाड शोधत बसतो. आता वरचे चाक हाताने हळूहळू फिरवावे. या वेळी आवाज नसेल, तर दोष दोऱ्यात किंवा बॉबिनमध्ये असण्याचा संभव जास्त. बॉबिन वेडीवाकडी असते, किंवा दुसऱ्या मशीनची असते, किंवा तिच्यावर दोरा एका बाजूलाच जास्त गुंडाळलेला असतो. अशी बॉबिन डबीत खडखडते. दोरा संपत आला की चांगली बॉबिनही थोडी खडखडते. ती खडखड निरुपद्रवी असते.

दोरा आणि डबी काढूनही आवाज येत असेल तर सुई पाहावी. जुनी सुई काढून सपाट काचेवर ठेवा. सुईच्या वरच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते, ती काचेवर टेकवा. सुई आणि काच यांच्यातील फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. तशी नसेल तर सुई वाकलेली आहे. सुईचे टोक बोथट झाले असेल तर वेगळाच आवाज येतो. कापडात शिरताना 'ठप, ठप' असे वाजते, जणू कोणी लहान हातोडीने ठोकत आहे. आपल्याकडे सुई तुटेपर्यंत बदलायची नाही असा रिवाज आहे. तो काटकसरीचा वाटतो, पण बोथट सुई कापडाचे दोरे तोडते आणि मशीनवरही ताण आणते. रोज शिवणाऱ्या घरात सुईची पुडी ठेवलेली बरी. पातळ कापडाला ११ नंबर, साध्या कापडाला १४ आणि जाड कापडाला १६ नंबरची सुई चालते. जीन्सच्या कापडाला १८ नंबर लागते. सुई बसवताना ती वरपर्यंत गेली पाहिजे. सुईला एका बाजूला लांब खाच असते, तिच्या बाजूने दोरा ओवायचा. सुई उलटी बसली की टाके सुटतात, आणि कधी कधी टकटकही सुरू होते.

यानंतर सफाई. हा भाग कंटाळवाणा आहे, पण अर्ध्याहून अधिक आवाज इथेच थांबतात असा माझा अनुभव आहे. सुईखालची प्लेट दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की दात्यांच्या मधोमध भुसा दिसतो. पुष्कळ दिवस साफ केले नसेल तर तो दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला असतो. मशीन मागे कलते करून शटलही बाहेर काढता येते. ते धरून ठेवणाऱ्या लहान खिट्ट्या किंवा स्क्रू असतात. कोणता भाग कसा बसला होता हे आधी नीट पाहून ठेवा. मी तर काढलेले भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडतो आणि परत बसवताना उलट्या क्रमाने उचलतो. शटलच्या खाचेत दोऱ्याचा एखादा तुकडा अडकला तरी मशीन 'करकर' करते आणि जड होते. जुन्या टूथब्रशने सगळे साफ करावे. तोंडाने फुंकू नये. फुंकरीतल्या ओलाव्याने लोखंड गंजते आणि भुसा आणखी आत जातो.

मग तेल. मशीनच्या वर, मागे आणि खाली तेलाची लहान छिद्रे असतात. प्रत्येकात एक-दोन थेंब पुरतात. शटलच्या खाचेत एक थेंब. पायडलच्या दोन्ही टोकांना आणि दांड्याच्या सांध्यांनाही तेल लागते. बरेच लोक वरच्या भागाला तेल देतात आणि खालचा भाग विसरतात, आणि मग कुईकुई कुठून येते याचे नवल करतात. तेल दिल्यावर चिंधीवर थोडा वेळ शिवून पाहावे, म्हणजे जास्तीचे तेल चिंधीला लागेल. हे न करता कोणाच्या ईदच्या पांढऱ्या कुर्त्यावर हात घालू नये.

आता राहिली खडखड. खडखड म्हणजे काहीतरी सैल झाले आहे. सुई धरणारा पेच, फुटाचा पेच, प्लेटचे स्क्रू आणि स्टँडचे बोल्ट एकेक करून पाहावेत. कधी कधी बिघाड मशीनमध्ये नसतोच. फरशी उंचसखल असते आणि स्टँडचा एक पाय हवेत असतो. त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवली की झाले.

हे सर्व करताना हात सांभाळा. मशीन तपासताना पाय पायडलवर नको, आणि पट्टा चाकावरून उतरवून ठेवावा. मुलींनी ओढणी आणि वेणी चाकापासून दूर ठेवावी. मशीनला विजेची मोटर असेल तर आधी प्लग काढा, केवळ बटण बंद करून भागत नाही. मोटर नुसती 'हूं' असा आवाज करीत असेल आणि मशीन फिरत नसेल, किंवा जळल्याचा वास येत असेल, तर क्षणभरही चालू ठेवू नका, मोटर जळेल. हल्लीच्या काही मशीनना घरी तेल द्यायचे नसते. त्यांच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी वाचा.

सफाई झाली, तेल दिले, नवी सुई नीट बसवली, तरीही टकटक येते आणि टाके सुटतात, असे झाले तर थांबावे. अशा वेळी सुईची दांडी आणि शटल यांचा मेळ बिघडलेला असतो. सुई खाली असताना शटलचे नाक कुठे हवे, हे मिस्त्रीलाच कळते. आपण स्क्रू फिरवत बसलो तर दोष वाढतो. मिस्त्रीकडे जाताना तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. आवाज कसा आहे, किती वेळाने येतो, आणि तो सुरू होण्याआधी आपण काय केले होते. तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. मलाही वाटली होती.

त्या दिवशी मिस्त्रीकाकांनी मशीनचे सांधे रॉकेलने धुतले, पुसले, वाळवले आणि मग खरे तेल दिले. दुकानातली शेगडी त्यांनी आधीच विझवली होती. चाक बोटाने ढकलले तर ते आपोआप दोन फेरे फिरले. मी मशीन घेऊन घरी आलो. अम्मीने तीन रात्री जागून काढल्या. ईदच्या आदल्या संध्याकाळपर्यंत अकरा जोड झाले. बारावा जोड एका लहान मुलाचा होता. तो ईदच्या सकाळी, नमाजाला निघण्यापूर्वी, मीच त्यांच्या घरी पोहोचवला.

ते मशीन आजही आमच्या घरी आहे आणि अम्मी आजही त्यावर बसते. त्यातून दर आठ-नऊ टाक्यांनी 'टिक' असा आवाज येतो. तो पट्ट्याच्या तारेचा आहे. त्याला दुरुस्तीची गरज नाही.